पाचव्या खोलीतली गोधडी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो. आमच्या म्युझियमच्या मागे एक अडगळीची खोली होती. जी वस्तू कुठे ठेवायची ते कळायचं नाही, ती "राहू दे सध्या तिकडे" म्हणून त्या खोलीत जायची. होता होता खोली अशी ठासून भरली की दार उघडायला दोघे लागायचे. माझ्या डोक्याचं तसंच झालंय. कलकत्त्याचे किस्से कुठे ठेवायचे ते मला कळलं नाही, म्हणून ते नुसते पडून राहिले. आता तुम्ही दार ढकललंतच आहे, तर पडतील ते अंगावर घ्या!

फाळणीला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझी बदली पुण्याहून कलकत्त्याला झाली. चौरंगीच्या मागच्या एका गल्लीत कुणा जुन्या साहेबाचा बंगला होता, त्यात आमचं म्युझियम. बंगला पडका, पण काम मोठं. साऱ्या जगाची संस्कृती लोकांना एका छपराखाली दाखवायची! मी तिथे असिस्टंट होतो. असिस्टंट म्हणजे डायरेक्टर सांगतील ते करायचं आणि केलेलं पुन्हा मोडायचं.

डायरेक्टर होते डॉक्टर सेनगुप्त. विलायतेत शिकलेले. कलकत्त्याच्या त्या चिकट उकाड्यातही अंगातला कोट काढायचे नाहीत. त्यांचा सिद्धान्त असा की जगातली सगळी माणसं बरोब्बर सात संस्कृति-विभागांत बसतात. सहा नाही, आठ नाही. सात! पहिल्या दिवशी त्यांनी मला हे तासभर समजावून सांगितलं. भिंतीवर मोठा नकाशा होता, त्यावर सात रंग दिलेले.

मी नवा होतो. पुण्याचा होतो. विचारून बसलो, "सर, सातच का?"

सेनगुप्तांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि विषय बदलला. दुपारी मी सगळा बंगला फिरलो, तेव्हा उत्तर मिळालं. बंगल्याला खोल्या सात होत्या!

पहिली भारताची. दुसरी चीन-जपानची. तिसरी ब्रह्मदेश, सयाम, जावा. चौथी आफ्रिका. पाचवी अरबस्तान, इराण, तुर्कस्तान. सहावी युरोप, सातवी अमेरिका. ऑस्ट्रेलिया कुठेच मावत नव्हता, म्हणून तो मोरीकडे जायच्या बोळात लावला होता. पावसाळ्यात ऑफिसातले लोक बूमरँगला छत्र्या अडकवायचे.

*

आता आमचे हरिपदबाबू. त्यांच्याशिवाय यातला एकही किस्सा उभा राहत नाही.

हरिपदबाबू मांडणीचं काम बघायचे. कपाटात वस्तू लावायच्या, काचा पुसायच्या, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला बदलायचा. माणूस चाळिशीचा, सडपातळ, डोळ्यांत कायम थोडं पाणी. मूळ गाव पद्मा नदीच्या काठी, फरीदपूर जिल्ह्यात. म्हणजे आता पाकिस्तानात. स्वतः नोकरीसाठी कलकत्त्यात एकटे राहायचे. गावी म्हातारी आई.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात चहाचं भांडं दिलं, मातीचं, आणि विचारलं, "परचुरेबाबू, तुम्ही बर्गी ना?"

मला काय राग आला म्हणून सांगू! दोनशे वर्षांपूर्वी आमचे घोडेस्वार इकडे येऊन लुटालूट करून गेले, त्याचा हिशेब हा माणूस माझ्याकडून चहाबरोबर मागतोय! मी म्हटलं, "हो. तुमचं काही लुटायचं शिल्लक आहे का?"

हरिपदबाबू इतके हसले की त्यांच्या धोतरावर चहा सांडला. "नाही हो परचुरेबाबू," डोळे पुसत म्हणाले, "तुम्हाला जरा उशीर झाला!"

तेव्हापासून आमची दोस्ती.

त्याच आठवड्यात मला पहिल्या खोलीत एक पुणेरी पगडी दिसली. परमुलखात पगडी बघून माझा ऊर भरून आला. पण ती कुठल्याच कपाटात नव्हती. खोलीत एक कपाट उत्तर भारताचं, एक दक्षिणेचं. पगडी दोन्ही कपाटांच्या वर, भिंतीला टेकवून ठेवलेली.

मी म्हटलं, "हरिपदबाबू, ही वर का?"

"आधी दक्षिणेत होती. सर म्हणाले, हे आर्य आहेत, उत्तरेत ठेवा. उत्तरेत ठेवली. मग सर म्हणाले, यांची भाषा बघता तिथे शोभत नाहीत, दक्षिणेत ठेवा. चार वेळा नेली-आणली. शेवटी मी वर ठेवली. तिथून दोन्हीकडचं दिसतं."

"आणि धूळ?"

"धूळपण दोन्हीकडची बसते," हरिपदबाबू म्हणाले.

मी ती पगडी रोज पुसायचो. दुसरं करणार तरी काय?

*

पहिल्या पावसाळ्यात दुसऱ्या खोलीचं छप्पर गळायला लागलं. चीनची भांडी पाणी झेलत होती, त्यांना काय व्हायचंय! पण जपानचे रेशमी किमोनो भिजायला लागले. सरकारी दुरुस्तीला किती काळ लागतो ते तुम्हाला सांगायला नको. कोरडी खोली एकच, सहावी. युरोपची. तेव्हा हरिपदबाबूंनी आणि मी अख्खा जपान उचलून युरोपात नेऊन ठेवला.

बघणारे लोक विचारायला लागले. "जपान युरोपात कसा काय?" छप्पर गळतं हे डायरेक्टर कसं सांगणार? सेनगुप्तांनी एक प्रबंधच लिहिला. जपान आणि युरोप यांचं आतून असलेलं नातं! दिल्लीच्या कुठल्याशा परिषदेत तो वाचला, लोकांनी म्हणे उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पुढल्या हिवाळ्यात छप्पर दुरुस्त झालं. जपान परत दुसऱ्या खोलीत गेला. हरिपदबाबू हात जोडून सेनगुप्तांच्या केबिनच्या दारात उभे राहिले. "सर, ते आतलं नातं होतं, त्याचं आता काय करायचं?"

सेनगुप्त आतून ओरडले, "चूप राहा!"

पण ते ओरडले ते बंगालच्या पुस्तकी बोलीत नाही, तर अस्सल पूर्वेकडच्या खेडवळ बोलीत. दारावरचा रामअवतार कान देऊन ऐकत होता. तो मला हळूच म्हणाला, "बाबूजी, हमारे साहब भी उसी पार के हैं!" सेनगुप्तांचं घरही नदीपलीकडलं होतं. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

*

आता गोधडीचं सांगतो. बंगालीत कांथा म्हणतात, पण चीज आपलीच. जुन्या साड्यांचे पदर एकावर एक घालून शिवायचे, काठातले रंगीत दोरे उसवून त्यांनीच वर नक्षी भरायची. फाळणीच्या आधी म्युझियमने बंगालच्या खेड्यांतल्या वस्तू मागवल्या होत्या, तेव्हा हरिपदबाबूंनी आपल्या आईची गोधडी आणून दिली होती. हरिपदबाबू पोटात होते तेव्हा आईने ती शिवलेली.

मी म्हटलं, "अहो, गोधडीला कुणी म्युझियममध्ये ठेवतं का? आमच्याकडे पांघरतात."

त्यांनी मला हात धरून काचेपाशी नेलं. मधोमध कमळ. भोवती भाताच्या लोंब्या, मासे, नाव. आणि एका कोपऱ्यात, तळहाताएवढं, एक घर. घरापुढे तळं, मागे सुपारीची झाडं, अंगणात तुळस. तुळशीपुढचा दिवासुद्धा लाल दोऱ्याने भरलेला.

"हे आमचं घर," हरिपदबाबू म्हणाले. "हे असंच आहे. आई तिथेच असते."

मी आल्यावर वर्षाच्या आतच सेनगुप्तांनी नकाशाचे रंग बदलायला घेतले. देशाची वाटणी झाली, तेव्हा रंगांची वाटणी करायला नको? पाकिस्तानाला त्यांनी पाचव्या विभागाचा रंग दिला, अरबस्तानाचा. मग आम्हाला बोलावून घेतलं.

"पाकिस्तान पाचव्या विभागात. फरीदपूर पाकिस्तानात. तेव्हा ही गोधडी पाचव्या खोलीत जाईल."

हरिपदबाबू म्हणाले, "सर, गोधडीवर लक्ष्मीची पावलं आहेत."

"शास्त्र पावलं बघत नाही. सीमा बघतं."

"सर, हिच्यावर भात आहे, मासे आहेत. अरबस्तानात..."

"हरिपद, वाद नको!"

हरिपदबाबूंनी कुणाला हात लावू दिला नाही. लहान मूल न्यावं तशी दोन्ही हातांवर गोधडी घेतली आणि पहिल्या खोलीतून पाचव्या खोलीत नेली. या दोन खोल्या लागून होत्या, मध्ये एक उंबरा. एका बाजूला उंटाचं खोगीर, दुसऱ्या बाजूला तुर्की कॉफीचं भांडं, मध्ये हरिपदबाबूंच्या आईची तुळस!

संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "परचुरेबाबू, आई तिकडे. गोधडीपण आता तिकडे. मी एकटाच पहिल्या खोलीत राहिलो."

घरी आल्यावर मी उगाचच बायकोवर चिडलो.

*

बायको म्हणजे सुशीला. तिला बंगाली येत नव्हतं, हिंदी तोडकंमोडकं, आणि माशाच्या वासाने डोकं उठायचं. तिची जगाची वाटणी साधी होती. मासे खाणारे आणि न खाणारे! त्यात आम्ही दोघेच एका बाजूला आणि सगळं कलकत्ता दुसऱ्या बाजूला.

पण त्या वर्षांत सियालदा स्टेशनवर काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नसेल. पलीकडून गाड्या भरभरून माणसं यायची आणि फलाटावरच संसार मांडायची. एकेका चटईवर अख्खं घर. वर छप्पर, तेही गळकं. जपानला न्यायला युरोपची खोली तरी होती हो आमच्याकडे! या माणसांना कुठल्या खोलीत न्यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या ओळखीच्या चार मराठी घरांतल्या बायका रविवारी मुरमुरे, गूळ, जुनी लुगडी घेऊन तिथे जायच्या. सुशीलाही जायला लागली. वासाचं नावही काढेना.

एकदा एका म्हातारीला ती गूळ देत होती. म्हातारीने तिचं नऊवारी लुगडं निरखलं, कुंकू निरखलं, बोलणं ऐकलं. ही आपल्यातली नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिने हिंदीवाल्या कुणाला तरी मध्ये घालून विचारलं, "बेटी, तू कुठली?"

सुशीला म्हणाली, "पुण्याची. लांब आहे. तीन दिवसांची वाट."

म्हातारीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "अगं बाई गं! तुम्हाला कधी हाकललं?"

*

उंबऱ्याचा किस्सा सांगायचा राहिलाच की.

पहिल्या चार खोल्या झाडायला एक झाडूवाला होता, पाचवी ते सातवी झाडायला दुसरा. दोघांचं काम नेमून दिलेलं. पहिल्या आणि पाचव्या खोलीच्या मधला तो उंबरा मात्र कुणालाच नेमून दिला नव्हता. हा म्हणे "तो पाचवीचा", तो म्हणे "तो पहिलीचा". दोघे आपापला कचरा उंबऱ्यापर्यंत आणायचे आणि तिथे सोडून द्यायचे. उंबऱ्यावर ही धूळ!

सेनगुप्तांनी वर लिहून विचारलं, उंबरा कुठल्या विभागाचा? वरून उलट विचारणा आली, उंबऱ्यावर कोणत्या संस्कृतीच्या वस्तू आहेत? आम्ही कळवलं, कचरा आहे. त्यावर उत्तर नाही.

मग दिल्लीहून एक बडे पाहुणे म्युझियम बघायला आले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. उंबऱ्यावर आले आणि नाकाला रुमाल लावला. "हे कुणाचं?" दोन्ही झाडूवाल्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. सेनगुप्तांच्या कपाळावर घाम आला, पण कोट काढता येईना.

तेवढ्यात हरिपदबाबू पुढे झाले. खांद्यावरचा गमछा काढला, खाली बसले आणि गमछ्याने सगळा उंबरा पुसून काढला. दोन्हीकडचा कचरा एकाच पुरचुंडीत बांधला.

पाहुण्यांनी विचारलं, "हा माणूस कुठल्या खोलीचा?"

शेवटी रामअवतार म्हणाला, "दोनों का, हुजूर."

पाहुणे खूप हसले. आम्हीही हसलो, हसावंच लागतं. हरिपदबाबू पुरचुंडी घेऊन मागच्या दाराने गेले, ते त्या दिवशी परत कामाला आलेच नाहीत.

*

दर दुर्गापूजेच्या सुटीत हरिपदबाबू आईला आणायला जायचे. आधी रेल्वे, मग गोआलंदहून स्टीमर, मग होडी. परत यायचे ते एकटेच. हातात नारळाच्या लाडवांचा डबा.

"काय म्हणाली आई?"

"म्हणाली, मी कुठे गेलेच नाही, तर येऊ कुठून?"

सगळं गाव रिकामं होत चाललं होतं. शेजारचे चक्रवर्ती गेले, समोरचे साहा गेले. म्हातारी हलेना. तिचं एकच म्हणणं. घर कधी एकटं ठेवू नये. आपलं कुणीतरी घरी असावं. दिवेलागणीला दिवा लावायला माणूस नको?

"अहो, जिवाचं काही बरंवाईट झालं म्हणजे?" मी चिडून म्हणायचो. "दिवा काय चाटायचाय?"

"हेच मी म्हटलं. तर म्हणाली, तू ये ना इकडे. माणूस घराकडे येतो की घर माणसाकडे येतं?"

त्या म्हातारीपुढे आमचं पुणेरी तर्कशास्त्रही चालायचं नाही.

एका वर्षी परत आले ते फारच उतरलेल्या चेहऱ्याने. लाडवांचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि तसेच बसून राहिले. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आईने गोधडीचं विचारलं. कुठल्या खोलीत ठेवलीय म्हणून."

"मग? ठोकून द्यायचं होतंत, पहिल्या खोलीत म्हणून!"

"आईशी खोटं कसं बोलू हो? सांगितलं सगळं. पाकिस्तानच्या खोलीत ठेवलीय, आता ती पाकिस्तानची झाली, म्हणून."

"काय म्हणाली?"

"चुलीवर भात होता, तो ढवळत राहिली. मग विचारलं, तिथे उंदीर नाहीत ना? म्हटलं, नाहीत. म्हणाली, बरं झालं." त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. "एवढंच. पुढे बोललीच नाही. परचुरेबाबू, माझ्या आईचं मन मोडलं मी."

मी सेनगुप्तांपाशी शब्द टाकला. म्हटलं, "सर, एक गोधडी पहिल्या खोलीत नेली तर जगाचं काय बिघडेल?"

सेनगुप्त नकाशाकडे बघत म्हणाले, "एक गोधडी? परचुरे, एक नेली तर मग काय काय आणावं लागेल, तुला कल्पना आहे?" असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले. मी निघून आलो.

*

मग येण्याजाण्याला पासपोर्ट लागणार अशी बातमी आली. लोकांनी धास्ती घेतली, आत्ता गेलो नाही तर कायमचे अडकलो. गाड्या पुन्हा भरून यायला लागल्या. हरिपदबाबूंच्या आईला गावात पाण्याला विचारणारंही कुणी उरलं नव्हतं, वर तापाने अंथरूण धरलेलं. हरिपदबाबू गेले आणि या वेळी तिला उचलूनच घेऊन आले.

मला वाटलं, चला, सुटला एकदाचा घोर! पेढे आणायला पाठवणार होतो रामअवतारला. पण हरिपदबाबूंचं तोंड बघितलं आणि विचार सोडला.

"आई आली हो. पण आली नाही," ते म्हणाले.

दमदमच्या पुढे निर्वासितांच्या एका कॉलनीत त्यांनी बांबूच्या तट्ट्यांची एक खोली घेतली होती. म्हातारी तिथे भिंतीला पाठ लावून बसून असायची. आणलेलं गाठोडं तिने सोडलंच नाही. जेवायला वाढलं की दोन घास खायची. संध्याकाळी दिवा लावायला सांगितला तर म्हणायची, "इथे कशाला?"

"निघताना फार रडली असेल," मी म्हटलं.

"तेच तर! सगळ्या बायका रडत होत्या. आई नाही रडली. दाराला कुलूप लावलं, तुळशीला पाणी घातलं आणि निघाली. स्टीमरवर पाय ठेवताना मात्र थांबली. माझा हात धरून विचारलं, गोधडी अजून त्या खोलीतच आहे ना? मी मान खाली घालून हो म्हटलं. मग चढली." हरिपदबाबूंनी डोळ्यांना गमछा लावला. "घर सोडताना आईच्या मनात काय सलत होतं बघा! आणि आता म्हणते, मला गोधडी दाखव. कशी दाखवू? उंटाच्या खोगीराशेजारी?"

ते रडताना मला बघवेना. मी त्यांना तसंच हाताला धरून सेनगुप्तांच्या केबिनमध्ये नेलं. म्हटलं, आज काय ते होऊन जाऊ दे!

सेनगुप्तांनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, "सोमवारी म्युझियम बंद असतं."

"हो सर."

"बंद म्युझियममध्ये जगाचे विभाग नसतात. मंगळवारी सकाळी सगळं होतं तिथे पाहिजे." आम्ही दारापर्यंत गेलो, तर मागून हाक आली. "हरिपद, आई किती वाजता येणार आहेत?"

*

सोमवारी सकाळी मी, हरिपदबाबू आणि रामअवतार, तिघांनी ते काचेचं कपाट उचललं. शिसवी लाकूड, जड केवढं! उंबऱ्यावर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. तेवढ्यात चौथा हात लागला. बघतो तर सेनगुप्त! अंगात कोट नाही. धोतर आणि साधा झब्बा. पाच वर्षांत त्यांना पहिल्यांदाच बिनकोटाचे बघत होतो. आमच्याकडे न बघता म्हणाले, "उचला."

गोधडी पहिल्या खोलीत आली. खिडकीच्या उजेडात ठेवली. हरिपदबाबूंनी काच तीनतीनदा पुसली, कपाटाला झेंडूची माळ घातली. ती जराशी वाकडी होती, ती सरळ केली. मग उभे राहून बघितलं आणि हसले. इतक्या वर्षांत तो माणूस असा हसलेला मी पहिल्या दिवशीच काय तो बघितला होता, चहा सांडला तेव्हा.

सुशीला म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण हात घट्ट धरलेले. म्हातारी एवढीशी, पांढऱ्या बिनकाठाच्या साडीत. सेनगुप्त पुढे झाले, वाकले आणि तिच्या पायांना हात लावून आपल्या बोलीत म्हणाले, "या माशीमा," म्हणजे या मावशी. ती बोली ऐकून म्हातारीने मान वर केली. "कुठल्या गावचा रे तू?" सेनगुप्तांनी गावाचं नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तिथला गूळ चांगला." सेनगुप्त हो म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

म्हातारी कपाटापाशी गेली. काचेवर बोट ठेवलं. बोट कमळावरून फिरलं, नावेवरून फिरलं, कोपऱ्यातल्या घरापाशी आलं. तळं, सुपारी, तुळस. लाल दोऱ्याच्या दिव्यावर येऊन थांबलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. सुशीलाने माझ्याकडे बघून डोळे टिपले. मलाही वाटलं, चला, जन्मात एक काम तरी धड झालं!

मग म्हातारीने इकडेतिकडे बघितलं. कपाटं बघितली, दाराबाहेर कान देऊन ट्रामची घंटा ऐकली. "ही कुठली खोली रे, हरि?"

हरिपदबाबूंचा ऊर भरून आला होता. "भारताची, मा! आपली! हिला आम्ही इकडे घेऊन आलो!"

म्हातारीचं बोट काचेवरून खाली आलं. ती हळूच मुलाकडे वळली.

"हिलाही आणलंस?"

तिने पुन्हा काचेआडच्या त्या घराकडे बघितलं.

"मग घरी आता आपलं कोण राहिलं रे?"